दोन कळांमधली उसंत

गेल्या आठवड्यात कोथरूडला आईच्या घरी थोरलीचे लसीकरणाचे कार्ड शोधत होते, तेव्हा त्याच फाइलमध्ये सहा वर्षांपूर्वीचे माझे डिस्चार्ज कार्डही सापडले. त्यावर निळ्या शाईत ‘एफ. टी. एन. डी.’ असे लिहिले आहे, म्हणजे पूर्ण दिवसांची नॉर्मल प्रसूती. सहा महिन्यांपूर्वी नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये आमच्या झोपायच्या खोलीत धाकट्याचा जन्म झाला, त्याच्या कागदांतही अर्थ तोच निघेल. दोन्ही वेळा सिझेरियन झाले नाही आणि दोन्ही वेळा पाठीत भूल दिली गेली नाही. तरीही पहिल्या वेळची आठवण आली की आजही माझे अंग आकसते, आणि दुसऱ्या वेळची मी आपण होऊन सांगत बसते. असे का व्हावे, याचा विचार मी इतके महिने करते आहे.

पुण्यातल्या त्या रुग्णालयात मला लेबर रूममध्ये नेले आणि आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. कळा वाढाव्यात म्हणून सलाइनमधून ऑक्सिटोसिन सुरू केले, आणि त्यानंतर एक कळ ओसरते न ओसरते तोच दुसरी येऊ लागली. कुशीवर वळायचे म्हटले तर हाताला सलाइन आणि पोटाला बाळाचे ठोके मोजणारा पट्टा होता. टाका घालताना मला समजले की बाळाला वाट मोठी करण्यासाठी योनीमुखाशी छेद दिला गेला आहे. त्या रात्री तिथे आम्ही चौघी होतो आणि सिस्टर दोनच होत्या, म्हणून त्या दोघींबद्दल माझ्या मनात राग नाही. पण एवढ्या माणसांत असूनही मी एकटी होते, ही गोष्ट मी विसरू शकलेले नाही.

नेदरलँड्समध्ये गर्भारपणात काही गुंतागुंत नसेल तर तपासण्या आणि प्रसूती हे सारे प्रसूतीतज्ज्ञ डॉक्टरांकडे नव्हे, तर ‘व्हर्लोसकुंडिगे’कडे असते. आपल्याकडच्या सुईणीशी तिची तुलना अनेक जण करतात, परंतु ती चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण केलेली परवानाधारक मिडवाइफ असते आणि अडचणीची चाहूल लागताच रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था तिच्यामागे उभी असते. घरी की रुग्णालयात, हे स्त्रीने ठरवायचे. एपिड्यूरल, म्हणजे पाठीतली भूल, हवी असेल तर मात्र रुग्णालयातच जावे लागते. आम्ही घर निवडले, तेव्हा पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावून तो सुमारे ८० सेंटिमीटर उंच करून घ्यायला सांगितले गेले, कारण तपासणाऱ्या बाईची कंबरही जपायची असते. पुण्याहून आलेल्या आईला ही काळजी फार आवडली.

जानेवारीतल्या त्या रात्री अकराच्या सुमारास कळा सुरू झाल्या. एक वाजता मिडवाइफ आली, तिने तपासले, बाळाचे ठोके ऐकले आणि ती खोलीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसली. त्यानंतर दर थोड्या वेळाने ती उठून ठोके ऐकायची आणि पुन्हा जागेवर जायची. मी चालत होते, खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून डुलत होते, मध्येच कमरेवर गरम पाणी घेत होते. थंडीने थिजलेले खोबरेल आईने रेडिएटरवर वितळवून घेतले होते आणि प्रत्येक कळेला ती तळहाताच्या टाचेने माझे माकडहाड दाबून धरत होती. त्या दाबाने कळेची धार खरोखरच बोथट होत असे.

कळेबद्दल मला कोणी सांगितले नव्हते ते हे की ती लाटेसारखी चढते, माथ्यावर क्षणभर थांबते आणि पूर्ण उतरते. साधारण मिनिटभराची कळ आणि मग तीन-चार मिनिटांची उसंत. त्या उसंतीत काहीही दुखत नाही. मी उसंतीत पाणी प्यायले, आईशी थोरलीच्या शाळेबद्दल बोलले, उभ्या उभ्या डुलकीसुद्धा घेतली. औषधाविना ती रात्र मला सोसली ती या उसंतीमुळे. माझ्या अंगी काही विशेष धैर्य होते असे मला वाटत नाही.

पहाटे पाचच्या सुमारास मात्र ही उसंत नाहीशी झाली. अंग थरथरू लागले, उलटी झाली आणि मी निक्षून म्हणाले, “मला हे होणार नाही, मला हॉस्पिटलमध्ये न्या.” मिडवाइफ जमिनीवर माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “जायचे असेल तर आपण जाऊ. एवढी एक कळ जाऊ दे, मग मी तपासते.” तपासल्यावर कळले की गर्भपिशवीचे तोंड जवळजवळ पूर्ण उघडले होते. गर्भाशयाचे तोंड दहा सेंटिमीटरपर्यंत उघडण्याच्या शेवटच्या टप्प्यात ‘आता नको’ असे अनेकींना वाटते, हे तिने नंतर सांगितले.

पुढचे काम शरीराने आपण होऊन केले. नवऱ्याने मागून आधार दिला होता, मी प्रसूतीच्या बुटक्या, अर्धगोल स्टुलावर बसले होते, आणि कळेबरोबर खाली रेटण्याची जी अनावर ऊर्मी आली ती थोपवणे माझ्या हाती नव्हते. डोके बाहेर येताना त्वचेला भयंकर आग झाली. तेव्हा मिडवाइफने जोर लावू दिला नाही, नुसते छोटे छोटे श्वास सोडायला लावले. पाच वाजून चाळीस मिनिटांनी ओले, गरम, जड बाळ माझ्या छातीवर होते. नाळ धडधडायची थांबेपर्यंत कापली नाही. वार पडावी आणि रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून मांडीत एक इंजेक्शन मी घेतले, आणि ते घेताना मला मुळीच कमीपणा वाटला नाही. स्वतः दोनदा बाळंत झालेल्या आईने जन्म होताना पाहिला तो पहिल्यांदाच.

त्यानंतर आठवडाभर विम्यातून ‘क्रामझोर्ग’ची, म्हणजे बाळंतिणीच्या घरी मिळणाऱ्या सेवेची, परिचारिका रोज घरी येत होती. पहिल्या दिवशी तिने रीतीप्रमाणे टोस्टसारख्या कुरकुरीत बिस्किटावर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेचे दाणे पसरून दिले, कारण त्यांच्याकडेही बडीशेपेने दूध येते अशी समजूत आहे. आईने लगेच आपला बाळंतशेपांचा डबा आणून तिच्या हातात दिला.

हे वाचून कोणी घरी प्रसूती करायचा हट्ट धरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रशिक्षित मिडवाइफ आणि हाकेच्या अंतरावरचे रुग्णालय या दोन्ही गोष्टी नसतील तर ते जिवावर बेतू शकते, आणि सिझेरियनने असंख्य बायका व मुले वाचली आहेत. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, हा आकडा मला अस्वस्थ करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या सूचनांमध्ये स्त्रीच्या पसंतीची सोबत, चालण्याफिरण्याची मोकळीक, सरसकट छेद न देणे आणि गर्भाशयाचे तोंड ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे या मापाने घाई न करणे हे सारे आहे. यातल्या कशालाही परदेश लागत नाही.

काल माझी मावसबहीण भेटायला आली. तिला सातवा महिना आहे. सगळे ऐकून घेतल्यावर ती माझ्याऐवजी आईकडे वळली आणि म्हणाली, “मावशी, तू येशील माझ्याबरोबर आत?” आई लगेच हो म्हणाली. येत्या शनिवारच्या तपासणीला आत सोबत चालते का, हे ती डॉक्टरांना विचारणार आहे.