न बोललेल्या वाक्याला उत्तर कसं द्यायचं?

वादविवाद स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेते, त्यामुळे पालकांपासून शेजाऱ्यांपर्यंत बरेच जण मला विचारतात: "समोरच्याचं पटत नाही, कुठेतरी पाणी मुरतंय हेही कळतं, पण नेमकं बोट ठेवता येत नाही. असं का होतं?"

कारण ज्या वाक्यावर बोट ठेवायचं, ते तो बोललेलाच नसतो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास ऐकू येणारं घ्या: "एकटी राहणारी मुलगी आहे, तिला फ्लॅट भाड्याने देऊ नका." कारण सांगितलं, निष्कर्षही सांगितला. 'एकट्या मुलींचा बिल्डिंगला त्रासच होतो' हे मधलं वाक्य मात्र ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात भरलं. स्वतः भरलेलं आपण तपासत नाही, ते आपलंच मत वाटतं. श्रोत्याला ठाऊक असलेलं वक्त्याने बोलायला नको, श्रोताच ते जोडून घेतो, हे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवलंय.

आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, मात्र ही सवलत देत नाहीत. दुसऱ्याला पटवायचं तर युक्तिवादाचे पाच अवयव, म्हणजे भाग, हवेत: प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण (दाखल्यासकट नियम), उपनय (तो नियम इथे लावणं), निगमन (निष्कर्ष). डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो, एवढ्यावर भागत नाही. 'जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर' हे उदाहरणासकट म्हणावंच लागतं. हा तिसरा अवयव मला फार मोलाचा वाटतो. तो उच्चारला की तपासता येतो. हेच उलटं करून बघा: जिथे अग्नी, तिथे धूर? तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी सरपण ओलं लागतं.

म्हणून आवाज न चढवता एवढंच विचारा: "काका, एकट्या मुलींचा त्रास होतोच, असं म्हणायचंय ना? आपल्याकडे कुणाचा झाला?" झाला असेल, तर रात्रीचा गोंगाट, पार्किंग असं खरं कारण बाहेर येतं. त्रासाच्या धुरामागचं ओलं सरपण ते. आणि तो नियम मग चार माणसांच्या कुटुंबालाही लावावा लागतो.

पण न बोललेलं प्रत्येक वाक्य लबाडीचं नसतं. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आली. महाराज जागे होतात आणि देशाची दैना बघतात. इंग्रजांना हाकला, असं त्यात लिहिलेलं नव्हतं. २२ जूनला पुण्यात इंग्रज प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. पुढे या कवितेवरून आणि त्याच अंकातल्या अफजलखानवधावरच्या भाषणांच्या वृत्तांतावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. वाचक यातून काय समजेल, यावर मुंबई हायकोर्टात खल झाला. मजकूर एकच, पण नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवलं, तीन भारतीयांनी निर्दोष. शिक्षा १८ महिने सक्तमजुरी.

सोसायटीतलं वाक्य दडवलं जातं, कारण ते उजेडात टिकत नाही. 'केसरी'त ते उघड लिहिणं म्हणजे थेट तुरुंग होता. अशा माणसाला "स्पष्ट काय ते बोला" म्हणून कोंडीत पकडू नका. ते काम सरकारी वकिलाचं, आपण कशाला करायचं?