चौथ्या दिवशी फाटलेला पडदा

राधानगरीच्या पलीकडच्या एका वाडीवरून आलेल्या मावशी, वय ६४, साखर जुनी. छातीत दुखायला लागल्यावर घरच्यांनी पित्त समजून कोकम सरबत पाजलं, गावातल्या दवाखान्यात पित्ताचंच इंजेक्शन झालं. कोल्हापुरात पोचेपर्यंत तीस तास उलटलेले. ईसीजीत व्ही१ ते व्ही४ मध्ये क्यू लाटा, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यात पुढचा स्नायू मेलेला. अँजिओग्राफीत एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी धमनी, मधोमध पूर्ण बंद. दुखणं थांबलेलं होतं, आणि एवढ्या उशिरा बंद नळी उघडून हाती काही लागत नाही, म्हणून स्टेंट टाकला नाही. त्यामुळे पुढे क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी, बिनघोर बंद करता आलं. स्टेंट असता तर ऑपरेशनच्या टेबलावर रक्त थांबवताना जीव मेटाकुटीला आला असता.

चौथ्या रात्री प्रेशर ८४/६२, हातपाय गार, लघवी तासाला १५ मिली. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी नळ्या आवळून प्रेशर चढवणारं नॉरअ‍ॅड वाढवलं आणि सलाइन सोडलं. प्रेशर पडलं की नॉरअ‍ॅड, हे हल्ली हाताला लागलेलं वळणच झालंय. छातीला स्टेथो लावला तो सिस्टरनी. उरोस्थीच्या डाव्या खालच्या कडेला खरखरीत मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज), हात ठेवला तर थरथर जाणवणारी. आदल्या दिवशी ती नव्हती.

झटका आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात नवी मर्मर आणि पडलेलं प्रेशर एकत्र दिसलं की दोनच संशयित: खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाटलाय, नाहीतर मायट्रल झडपेला धरणारा पॅपिलरी स्नायू तुटलाय. स्नायू तुटलेला रुग्ण आडवा होऊच शकत नाही, फेसाळ थुंकी, जीव गुदमरलेला, आणि मर्मर कधी कधी ऐकूच येत नाही. तो स्नायू बहुतेक मागच्या बाजूचा असतो, कारण त्याला रक्त एकाच धमनीतून मिळतं. तिथे वाट पाहायची नसते, त्याच दिवशी झडप बदलायची. मावशी मात्र एका उशीवर शांत आडव्या होत्या. इकोत टोकाजवळ पडद्याला १४ मिमीचं भोक. उजव्या कर्णिकेतल्या रक्तात ऑक्सिजन ५८ टक्के, फुप्फुसाच्या धमनीत ७९. म्हणजे शरीराला एक वाटा, तर फुप्फुसाला दोनाहून जास्त.

अशा वेळी नॉरअ‍ॅड चढवलं की शरीराच्या नळ्या आवळतात, डाव्या कप्प्याला पुढे ढकलणं जड जातं आणि रक्त भोकातून उजवीकडे पळतं. मॉनिटरवर प्रेशर छान, लघवी मात्र तेवढीच. जगण्यापुरतं ठेवावं, जास्त नाही. खरा उपाय बलून पंप: महाधमनीत ठेवलेला फुगा, जो मिटताना डाव्या कप्प्याचा भार हलका करतो. उंची १५५ सेमी, म्हणून ३४ सीसीचा बलून. जांघेतून वर, टोक डाव्या सबक्लेव्हियन धमनीच्या दोन सेमी खाली, एक्स-रेवर खात्री. महाधमनीची झडप गळत नाही ना, हे इकोत आधीच बघायचं. गळत असेल तर बलून घातकच. एकास एक, म्हणजे दर ठोक्याला, लावला. बलून फुगणं महाधमनीची झडप मिटल्यावर प्रेशरच्या रेषेत दिसणाऱ्या खाचेवर आणि बलून मिटणं पुढच्या ठोक्याच्या ऐन आधी, हे टायमिंग जमलं नाही तर पंप हृदयाच्याच विरोधात काम करतो. पावलातला रक्तप्रवाह दर तासाला डॉपलरनं तपासायचा, कारण बायकांची धमनी बारीक असते, बलूनच्या नळीनं अडू शकते. बलून फुगवणाऱ्या हेलियमच्या नळीत रक्ताचा थेंब दिसला तर बलून फाटलाय, पंप तिथल्या तिथे बंद. सकाळपर्यंत लघवी तासाला ४५ झाली.

बाहेर मुलाचा एकच प्रश्न: “कालपर्यंत बोलत होती की आई, तुमच्यात आल्यावर भोक कसं काय पडलं?” मेलेला स्नायू तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत मऊ असतो, हे सांगून पटत नाही. अँजिओग्राफीच्या तारेवर संशय जातोच.

सर्जनांचं म्हणणं, दोन आठवडे थांबू. आत्ता टाके घालणं म्हणजे भिजलेल्या भाकरीला टाके घालणं. कडेला चिवट व्रण तयार झाला की पॅच धरतो. आधार म्हणून अमेरिकेतल्या सर्जनांच्या नोंदवहीतले २८७६ रुग्ण: झटक्यापासून सात दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत ५४ टक्के गेले, नंतर झालेल्यांत १८. इथेच आमचं वाजतं. सात दिवस जगला तोच ‘नंतर’च्या रांगेत येतो. वाट पाहता पाहता गेलेले त्या आकड्यात नाहीतच. वाट पाहणं हा उपचार आहे की चाळणी, हे ती टक्केवारी सांगत नाही.

नवव्या दिवशी क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकलं की रक्तात वाढतं ते) १.२ वरून १.९, प्लेटलेट बलूनमुळे निम्म्यावर. सर्जन आणखी पाच दिवस मागत होते. माझं मत, मूत्रपिंड बसलं की पॅच कितीही छान बसो, माणूस उठत नाही. त्याच रात्री ऑपरेशनला घेतलं. मेलेल्या भागातूनच, एलएडीला समांतर छेद, बोव्हाइन पेरिकार्डियमचा (गुरांच्या हृदयावरच्या आवरणाचा) पॅच भोकापेक्षा बराच मोठा, टाके भोकाच्या कडेला नाही तर लांब, चांगल्या स्नायूत. सगळा मेलेला पडदा पॅचच्या उजवीकडे सोडून द्यायचा. छेद टेफ्लॉन फेल्टच्या (जाड कापडासारख्या) पट्ट्यांमध्ये दाबून शिवला. स्नायू खरंच थोडा घट्ट झाला होता, हे कबूल करावं लागेल.

मावशी घरी गेल्या. पॅचच्या खालच्या कडेला ३ मिमीची गळती आहे. अशी गळती बऱ्याचदा राहते, वाढली नाही तर नुसती बघत राहायची. सर्जन म्हणतात, पाच दिवस थांबलो म्हणून टाके धरले. मी म्हणतो, आणखी पाच थांबलो नाही म्हणून मूत्रपिंड परत आलं. क्रिएटिनिन सध्या १.३, लघवीच्या गोळीचा डोस निम्मा केलाय, पुढचा इको तीन महिन्यांनी.