अंदमान: सोलापूरच्या तिघींची सात दिवसांची भटकंती

हॅवलॉक बेटावरच्या राधानगर किनाऱ्यावर पहिल्या दिवशी आम्ही पावणेसहाला पोचलो, तोवर सूर्य बुडून गेला होता. फेब्रुवारीत सोलापुरात साडेसहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळ म्हटलं की सहानंतर हाच हिशेब डोक्यात. अंदमान आपल्यापासून जवळजवळ सतरा अंश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. तिथे सूर्य आपल्याहून तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. लेकीचा चेहरा अगदी उतरला. दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच जाऊन बसलो, तेव्हा कुठे तो सोनेरी सूर्यास्त आमच्या वाट्याला आला. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: तिकडचा दिवस पहाटे पाचला सुरू करा आणि फिरणं चारच्या आत आटपा.

आम्ही तिघी, म्हणजे आई, मी आणि कॉलेजात जाणारी लेक, सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकल्यावर निघालो. आईचं वय अडुसष्ट, गुडघे दुखरे, आणि समुद्र तिने उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिलेला. मुंबई-चेन्नई मार्गावरच्या गाड्या सोलापूरवरूनच जातात, त्यामुळे रात्रीच्या प्रवासाने चेन्नई गाठली. स्टेशनावरून थेट विमान पकडायच्या भरीला पडू नका, गाडीला उशीर झाला की सगळंच गणित कोलमडतं. आम्ही एक रात्र चेन्नईत काढली. चेन्नई सेंट्रलहून विमानतळापर्यंत मेट्रो आहे. पुढे विमानाला दोन तासांच्या आसपास लागतात.

पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम झालं आहे. हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील शहीद द्वीप, आणि रॉस बेट नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. तिकिटावर एक नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं असं होतं, म्हणून दोन्ही लक्षात ठेवा.

सेल्युलर जेलला अर्धा दिवस द्या. एका तासात फोटो काढून परतणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं. 1896 ते 1906 अशी दहा वर्षं हे बांधकाम चाललं. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या, त्यातल्या आज तीनच उभ्या आहेत. प्रत्येक इमारतीचा दर्शनी भाग पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचं तोंडसुद्धा दिसू नये, अशी ती रचना. कोलूचा नमुना ठेवला आहे. त्याला जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावत, हे वाचल्यावर लेक बराच वेळ तिथेच उभी राहिली.

सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. आई एकेक पायरी थांबत थांबत चढली, दहा मिनिटं लागली असतील, पण चढली. खाली फाशीघर आहे. एका वेळी तिघांना फाशी देता येईल असं. तिथे आई हात जोडून हळू आवाजात नावं घ्यायला लागली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. सोलापूरचे हे चार हुतात्मे अंदमानात नव्हते, 12 जानेवारी 1931 ला त्यांना येरवड्यात फाशी झाली. पण आई शिक्षिका होती. दरवर्षी 12 जानेवारीला ती वर्गात ती नावं म्हणून घ्यायची आणि मुलांना चार हुतात्मा पुतळ्यांपाशी घेऊन जायची. फाशीघरातल्या दोराकडे बघून तिला तेच आठवलं. मला अंदमानातली हीच आठवण सगळ्यात जवळची आहे. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश खेळाचं तिकीट आधी काढा आणि भाषा विचारून घ्या, हिंदीचा खेळ वेगळ्या वेळी असतो.

रॉस बेट बोटीने जवळच आहे. वडाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी भिंती कवटाळलेलं जुनं चर्च, मोकळी फिरणारी हरणं. चालणं झेपत नसेल तर बॅटरीची गाडी मिळते. दोन तास पुरतात.

हॅवलॉकची बोट सकाळचीच घ्या. उलटीची गोळी बसायच्या अर्धा तास आधी, आणि जागा शक्यतो खालच्या मजल्यावर मधोमध. आमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगा चटणी होती, पोट रिकामं न ठेवण्यासाठी याहून चांगलं काही नाही. शेजारच्या बाकावरच्या बंगाली काकूंनी चटणी मागून घेतली. सूर्योदयासाठी काळापत्थर, सूर्यास्तासाठी राधानगर. एलिफंट बीचला जेट्टीवरून बोट जाते. तिथे नळी तोंडात धरून पाण्याखाली पाहताना लेकीला निळेपिवळे मासे दिसले, आणि बाहेर आल्यावर ती किती तरी वेळ काहीच बोलली नाही. पोवळ्यांवर मात्र पाय ठेवू नका. हाताएवढी वाढायला त्यांना वर्षानुवर्षं लागतात. पाण्यात उतरायचं ते जाळी लावलेल्या भागातच, मगरींच्या इशाऱ्याचे फलक उगाच लावलेले नाहीत.

नीलला माझं मन जास्त रमलं. लहान बेट, वाटेत भाजीचे मळे. अंदमानची बरीचशी भाजी इथूनच जाते, त्यामुळे आम्हा शाकाहारी माणसांची जेवणाची चिंता मिटली. इथला निसर्गनिर्मित दगडी पूल भरतीला पाहायला जाऊ नका, नुसतं पाणीच दिसेल. आदल्या दिवशी लॉजवाल्याला ओहोटीची वेळ विचारा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, तारामासे दिसतात. वाट निसरडी आणि धारदार, चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल हवेत. आई तिथवर आली नाही. तिच्यासाठी भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट केली. सिद्धेश्वर तलावातले मासे पाहत वाढलेल्या बाईने खाली वाकून तळातली पोवळी पाहिली आणि पाण्याला नमस्कार केला.

बारातांग बेटावर आम्ही गेलो नाही. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, वाटेत थांबणं, फोटो काढणं, खायला देणं याला बंदी आहे. चुनखडीच्या गुहा चांगल्या असतीलही, पण रोज गाड्यांच्या रांगा त्यांच्या घरातून न्यायच्या हे मला पटत नाही. गेलातच तर निदान काच खाली करू नका.

परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये मोकळा ठेवा. नीलहून निघायच्या दिवशी वारा सुटला आणि आमची बोट रद्द झाली. ज्यांचं विमान त्याच संध्याकाळी होतं ते जेट्टीवर अक्षरशः रडत होते. आम्हाला तो एक दिवस हाताशी होता म्हणून निभावलं. सहलवाल्याने हा दिवस कापून पैसे वाचवून दाखवले तरी ऐकू नका. नीलवर एटीएमच्या भरवशावर राहू नका, रोख जवळ बाळगा. सगळ्यांचं आधारकार्डासारखं ओळखपत्र प्रत्येक बोटीला लागतं. संध्याकाळी वाळूत बसलात तर बारीक माश्या चावतात आणि आठवडाभर खाज सुटते, पायाला खोबरेल चोळून जा. जायला जानेवारी ते मार्च उत्तम. आपल्या सोलापूरच्या चौपट पाऊस तिथे पडतो, तेव्हा मे ते सप्टेंबर नकोच.

शंख-शिंपले, पोवळ्याचा तुकडा यातलं काही उचलून आणायला बंदी आहे. शेवटच्या सकाळी लेकीने एक पांढरा शिंपला खिशात टाकला होता. आईने तो मागून घेतला, गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली आणि वाकून जिथल्या तिथे ठेवला.