अर्पणपत्रिकेतला र

गुरुजींनी पुस्तकाचं शेवटचं प्रूफ हातात घेतलं, अर्पणपत्रिकेचं पान उघडलं आणि बराच वेळ पुढचं पान उलटलंच नाही. मग म्हणाले, ‘‘ताई, हे माझे वडील नव्हेत.’’

पानावर मधोमध एकच ओळ होती: ‘ज्यांनी मला घडवलं, त्या आचार्यास.’ मी ती निदान पाच वेळा वाचली होती. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनीही वाचली होती. शिक्षकाने आपल्या गुरूला पुस्तक अर्पण केलं, असंच आम्ही दोघी समजलो. गुरुजींनी मात्र लिहिलं होतं ‘आचाऱ्यास’. त्यांचे वडील पाटण भागात लग्नाकार्याला स्वयंपाक करायचे. चुलवणापुढे रात्र-रात्र उभं राहून त्यांनी मुलाला शिक्षक केलं. ‘‘ते आचारी होते हे मी आयुष्यभर मान वर करून सांगत आलो,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘आता पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा मी ते लपवलं, असं वाटेल लोकांना.’’

कऱ्हाडात माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं जुळवायचं काम आहे. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, पतसंस्थांच्या वार्षिक सभेच्या पुस्तिका, आणि वर्षाकाठी चार-पाच पुस्तकं. एवढ्या वर्षांत कुणाच्या वडिलांची ओळख माझ्या टेबलावर बदलली गेली नव्हती. दुपारचे चार वाजले होते. रात्री फाईल छापखान्यात जायची होती, सकाळी छपाईच्या प्लेटा निघणार होत्या.

पहिला संशय मी स्वतःवरच घेतला. पण गुरुजींनी फोन काढून मूळ मजकूर दाखवला. तिथे ‘आचाऱ्यास’ अगदी बरोबर होतं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी 184 पानांचा मजकूर दोन वर्षांत एका बोटाने फोनवर टाइप केला होता. मग नातवाला फोन लावला. त्याने आजोबांचे तुकडे गोळा केले होते आणि जास्तीच्या मोकळ्या जागा काढून टाकणाऱ्या एका साइटवरून सगळा मजकूर ‘साफ’ करून मला वर्डची फाईल पाठवली होती. मुलाचा हेतू चांगलाच होता. मला काम सोपं व्हावं म्हणून त्याने ते केलं होतं.

त्या सफाईत काय गेलं ते माझ्या लगेच ध्यानात आलं. युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) आणि य असे एकापुढे एक आले की आपोआप रफार, म्हणजे डोक्यावरचा र होतो: सूर्य, कार्य. आपल्याला ‘दऱ्या’तला आडवा अर्धा र हवा असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे हलन्तानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. त्याला रुंदीच नसते, पण रफार करू नकोस एवढं ते फाँटाला सांगतं. दुसरी वाट म्हणजे साध्या र ऐवजी खाली नुक्ता, म्हणजे टिंब असलेला ऱ घ्यायचा. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. साफ करणाऱ्या त्या साइटने न दिसणारं ते चिन्ह कचरा समजून पुसलं आणि सगळीकडे रफार उभा राहिला. हिंदीला हा अर्धा र लागत नाही. मराठीला लागतो, नेपाळीलाही लागतो. जे चिन्ह दिसत नाही ते फुकटचं, असं धरून प्रोग्राम लिहिणाऱ्याने ‘आचारी’ आणि ‘आचार्य’ यांच्यातला फरकच काढून टाकला, याचा मला त्या दिवशी फार राग आला. अजूनही येतो.

युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटांमध्ये असंख्य अडचणी होत्या, पण या अर्ध्या र ला स्वतःची जागा होती. तो टाइप केला की केला. न सांगता कुणी त्याचा रफार करत नव्हतं.

मग माझ्या नजरेतून हे सुटलं कसं? फाईल तपासल्यावर कळलं की काही शब्द दुसऱ्या वाटेने लिहिले गेले होते, नुक्त्याच्या ऱ ने. ते शाबूत राहिले. ‘कऱ्हाड’ जवळजवळ सगळीकडे बरोबर होतं. गावाचंच नाव नीट दिसल्यावर मी निर्धास्त झाले. बाकीचं वाचताना डोळ्यांनी अर्थ लावत नेला. ‘पायर्या’, ‘शेतकर्यांनी’ असे शब्द पंधरा-वीस ठिकाणी दिसले होते. टायपिंगची चूक म्हणून ते तेवढे दुरुस्त केले आणि पुढे गेले. तिथेच थांबायला हवं होतं.

एका झटक्यात सगळे बदलावेत, अशी सोय नव्हती. तसं केलं असतं तर सूर्य, धैर्य, मर्यादा, पर्याय सगळेच बिघडले असते. शोधात ‘र्य’ 913 ठिकाणी निघाला, ‘र्ह’ वेगळा. गुरुजी म्हणाले, ‘‘मी बसतो. तुम्ही दाखवा, मी सांगतो.’’ खुर्ची ओढून ते शेजारी बसले. मी इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करते. त्यात इंग्रजी J च्या कळीवर र आणि शिफ्ट धरून ऱ. गुरुजी ‘बदला’ म्हणाले की शिफ्ट, ‘राहू द्या’ म्हणाले की पुढचा. कोयनेच्या दऱ्यांचा दर्या, म्हणजे समुद्र झाला होता. झऱ्याचं पाणी, वाऱ्याचा आवाज, बैल बुजलेली ती खोऱ्यातली वाट, सगळ्यांवर रफार चढलेले. एका पानावर लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून आचार्य अत्र्यांचं भाषण ऐकल्याची आठवण होती. तिथे गुरुजींनी माझा हात थांबवला. ‘‘हे आचार्यच.’’ त्याच परिच्छेदात दोन ओळी खाली वडील आले, तेव्हा म्हणाले, ‘‘हे आचारी. बदला.’’

साडेसहाला त्यांच्या सूनबाई डबा घेऊन आल्या. जेवतानाही ते पडद्याकडे बघत होते.

पावणेदहाला शेवटचा शब्द झाला. मी अर्पणपत्रिकेचं पान पुन्हा छापून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, ओळ मोठ्याने वाचली, आणि मग आपला फोन माझ्यापुढे सरकवला. ‘‘यात तो ऱ कुठे असतो, तेवढं दाखवा. दुसरा भाग लिहायचाय.’’

त्यांच्या कीबोर्डवर र दाबून धरला की ऱ वर येत होता. त्यांनी तीनदा करून पाहिलं: आचाऱ्यास, आचाऱ्यास, आचाऱ्यास. मग मी फाईल छापखान्याला पाठवली.