निळ्या झाकणाच्या नळीसाठी दोन फेऱ्या

रक्त लवकर का थांबत नाही हे बघायच्या टेस्टची पहिली फेरी फुकट गेली, आणि चूक माझीच होती. उशीर झाला म्हणून तीन मजले धावत चढले, धापा टाकतच खुर्चीत बसले आणि हात पुढे केला. रिपोर्ट आला नॉर्मल. दाढ काढल्यावर दुसऱ्या सकाळीही उशी रक्ताने भरलेली, आणि म्हणे नॉर्मल!

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारून विचारलं, "त्या दिवशी घाईत होतात का?" वॉन विलेब्रांड फॅक्टर आणि फॅक्टर ८ ही रक्त गोठायला मदत करणारी प्रथिनं, आणि दोन्ही धावपळीने, भीतीने, तापात, गरोदरपणात वाढतात. मुळात कमी असलेला आकडा तेवढ्यापुरता नॉर्मलमध्ये जाऊन बसतो. पीटी आणि एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या टेस्ट, ठीक आल्या म्हणूनही सुटलो असं नाही. वॉन विलेब्रांड फॅक्टर कमी असण्याच्या सौम्य प्रकारात त्या बऱ्याचदा ठीकच येतात.

दुसऱ्या खेपेला अर्धा तास आधी पोचून नुसती बसून राहिले. सर्दी-ताप असता तर गेलेच नसते. गोळ्यांची यादी लिहून नेली होती. वेदनाशामक गोळ्यांबद्दल आवर्जून विचारतात, कारण अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनने प्लेटलेटच्या कामाची टेस्ट बिघडते.

या वेळी मान वळवली नाही, सगळं बघितलं. निळ्या झाकणाच्या नळीत तळाशी थोडं पाण्यासारखं सायट्रेट असतं, ते रक्त गोठू देत नाही. त्याच्या नऊ पट रक्त हवं, म्हणजे खुणेपर्यंत. बारीक रबरी नळीच्या सुईत हवा असते, ती पहिल्या नळीत जाते आणि भरणं कमी पडतं. म्हणून रक्त घेणाऱ्या ताईंनी पहिली नळी चक्क टाकून दिली. दुसरी भरल्यावर जोरात हलवली नाही, तीन-चार वेळा अलगद उलटीसुलटी केली. बर्फात ठेवणार का, विचारलं तर म्हणाल्या, "छे, गारठ्याने हा फॅक्टर खोटाच कमी दिसतो." वाटेत नळी गारठू शकते, तेव्हा घरी बोलावून सॅम्पल देण्यापेक्षा, जिथे टेस्ट प्रत्यक्ष होते तिथेच जा.

वॉन विलेब्रांड फॅक्टरचा आकडा आला ३८ टक्के, म्हणजे कमी. माझा रक्तगट ओ, आणि ओ गटात हा फॅक्टर सरासरीने पाव हिस्सा कमीच असतो. पण रक्त थांबत नाही ना, मग गटावर ढकलून सोडायचं नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. मला ते पटलं.

ज्यांना उलट त्रास आहे, म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी होते, त्यांची टेस्टची वेळ निराळी. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असताना गुठळी रोखणारी प्रोटीन सी आणि एस कमी दिसतात, हेपॅरिनवर (तेच काम करणारं इंजेक्शन) तसंच अँटिथ्रॉम्बिन. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट ही गुठळीचा धोका वाढवणारी अँटीबॉडी एकदा सापडली तरी १२ आठवड्यांनी पुन्हा बघतात. फॅक्टर ५ लायडन या गुठळी होण्याकडे कल वाढवणाऱ्या जन्मजात बदलाची जनुकीय टेस्ट मात्र कधीही करा, औषधांनी ती बदलत नाही. टेस्टसाठी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

सुई काढल्यावर कापूस पाच मिनिटं दाबायला सांगतात. आपण दहा धरा, आणि फिकट बाह्यांचा कपडा घालून जाऊ नका.