हिरोच्या जागी बाई आणली, पुढे काय?

पुढचा जेम्स बाँड बाई असेल का, हा प्रश्न काही मरत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत बाँडच्या पिक्चरचा सगळा क्रिएटिव्ह कंट्रोल ते पिक्चर वर्षानुवर्षं काढणाऱ्या ब्रोकोली फॅमिलीकडून अमेझॉनकडे गेला आणि आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात लंच टेबलवर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते संपलं आता, हे लोक बाँडला साडी नेसवणार, आमचं बालपण नासवणार. दुसरी म्हणते का नाही, बायका काय कमी आहेत का. आणि मी डबा खाता खाता दोघांवर वैतागते, कारण दोन्ही पार्ट्या पोस्टरवर कोण उभं राहणार यावर भांडतायत, पिक्चरमध्ये पुढचे दोन-अडीच तास काय घडणार याचं कोणाला काही पडलेलंच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. बदला की, खुशाल बदला, पण बाई आल्यामुळे गोष्टीत काय हललं ते दाखवा. काहीच हललं नसेल तर कशाला एवढा खटाटोप.

बालपणवाल्या पार्टीतल्या एकाला मी विचारलं, बाँडचा बॉस एम कोण रे? पटकन म्हणाला ज्युडी डेंच. म्हटलं अरे बाबा, ती १९९५ ला आली, त्याआधी एम पुरुषच असायचा, मग तेव्हा नाही का नासलं तुझं बालपण? त्याला हे लक्षातच नव्हतं. आणि ते का लक्षात राहत नाही तर त्या लोकांनी काम नीट केलं होतं. त्याच काळात ब्रिटनच्या खऱ्याखुऱ्या गुप्तहेर खात्याची, एमआय फाइव्हची, प्रमुख स्टेला रिमिंग्टन ही बाई होती, त्यामुळे ते आकाशातून पडल्यासारखं वाटलं नाही, आणि गोल्डनआयमध्ये ही नवीन एम बाँडला समोर बसवून तोंडावर सुनावते की तू बायकांना तुच्छ समजणारा डायनासोर आहेस, शीतयुद्धातला उरलासुरला अवशेष. हा सीन पुरुष एमला करताच आला नसता. खुर्चीत बाई बसली आणि समोरच्या माणसाकडे बघायची अख्खी नजर बदलली. याला म्हणतात बदल.

आता खुद्द बाँडचं बघा. निर्माती बार्बरा ब्रोकोली स्वतः बाई, पण तिनेच सांगितलं होतं की बाँड कुठल्याही रंगाचा चालेल पण तो पुरुषच राहणार, बायकांसाठी नवीन पात्रं लिहा ना. मला हे पटतं. बाँड म्हणजे पुरुषांनी पुरुषांसाठी बघितलेलं दिवास्वप्न आहे, सूट, गाडी, दारू, दर देशात एक बाई आणि सकाळी उठून निघून जायचं. त्यातून पुरुष काढला तर उरतं काय, एक सरकारी एजंट आणि घड्याळ. पण मग त्याच लोकांनी २०२१ च्या नो टाइम टू डायमध्ये काय केलं तर ००७ हा नंबर लशाना लिंचच्या नोमी नावाच्या नव्या एजंटला दिला, सगळ्या जगभर त्याची चर्चा करून घेतली, आणि शेवटाकडे ती स्वतःच म्हणते की नंबर बाँडला परत द्या. अगं मग घेतलास कशाला! तिची आई, तिचं घर, ती या धंद्यात का आली, काही म्हणजे काही कळत नाही. नंबर सांभाळायला ठेवलेली बाई.

भुतं पकडणाऱ्या टीमच्या घोस्टबस्टर्सचा किस्सा तर सगळ्यात गाजलेला. १९८४ च्या पिक्चरमधले चार पुरुष काढून २०१६ मध्ये पॉल फीगने चार बायका घेतल्या, ट्रेलर आला आणि यूट्यूबवर डिसलाइकचा पाऊस पडला, तेव्हा तो सगळ्यात जास्त डिसलाइक मिळालेला पिक्चरचा ट्रेलर ठरला. लेस्ली जोन्सला ट्विटरवर इतक्या घाणेरड्या शिव्या घातल्या की ती काही दिवस ट्विटर सोडून गेली. हे जे काही झालं ते निव्वळ विकृत होतं, त्याचं कुठल्याही कारणाने समर्थन होऊ शकत नाही. पण म्हणून पिक्चर चांगला होत नाही हो. मी बघितलाय. चौघीही एकसे एक कॉमेडियन, पण बाई असल्यामुळे भूत वेगळं दिसत नाही की भुतांशी भांडण वेगळं होत नाही. अख्ख्या पिक्चरमध्ये अदलाबदलीचा खरा फायदा एकाच ठिकाणी घेतलाय, तो म्हणजे क्रिस हेम्सवर्थचा रिसेप्शनिस्ट, दिसायला राजबिंडा आणि डोक्याने ठार. इतकी वर्षं हे काम सुंदर सेक्रेटरीला दिलेलं असायचं, त्यामुळे हसू येतं आणि थोडं टोचतं पण.

यातली गंमत पुढे आहे. २०२१ मध्ये जुन्या दिग्दर्शकाच्या मुलाने, जेसन राइटमनने, पुढचा पिक्चर काढला, त्यात पाठीवर ते प्रोटॉन पॅक घेऊन भुतांच्या मागे कोण धावतं? एक बारा वर्षांची मुलगी! पण ती जुन्या टीममधल्या एगॉनची नात असते, आजोबांसारखाच चष्मा, तसंच विज्ञानाचं वेड, माणसांशी बोलायची तशीच पंचाईत. आणि या वेळी ती पाच वर्षांपूर्वीसारखी बोंबाबोंब काही झाली नाही. आपल्याकडे नाही का, नात आजोबांवर गेलीये म्हटलं की सगळं माफ. म्हणजे लोकांना बाई नको होती असं सरसकट म्हणता येत नाही (काहींना नकोच होती, ते सोडा). आजोबांना पुसून टाकून त्यांच्या जागी कोणीतरी बसलं की झोंबतं, त्यांचं कपाट उघडून कोणी वापरलं तर बरं वाटतं.

हॉलिवूडमध्ये हे जमलेलं पण आहे. एलियनच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की ही सगळी पात्रं स्त्री-पुरुष कोणीही करू शकेल, आणि त्यातून रिप्ली ही बाई हिरो मिळाली. उलट सॉल्ट बघा, २०१० चा. तो आधी टॉम क्रूझसाठी होता, हिरोचं नाव एडविन सॉल्ट, मग अँजेलिना जोली आली आणि एडविनची एव्हलिन झाली. मूळ स्क्रिप्टमध्ये हिरो आपल्या बायकोला वाचवतो असा मोठा सीन होता. आता बायको नवऱ्याला वाचवणार म्हटल्यावर मेकर्सना वाटलं की नवरा फारच लेचापेचा दिसेल, म्हणून तो सीनच बदलला. झालेल्या पिक्चरमध्ये नवरा मरतो. मला हे वाचून इतकं हसू आलं ना. बाईच्या हातात बंदूक चालेल, ती चालत्या ट्रकवरून उड्या मारेल ते चालेल, पण तिने नवऱ्याला वाचवलं की त्याचं नाक कापलं जातं, त्यापेक्षा तो मेलेला बरा!

बरं, हे सगळं परदेशातलं आणि हल्लीचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा घरात बघावं. दादासाहेब फाळक्यांच्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामती म्हणजे अण्णा साळुंके, कारण कॅमेऱ्यासमोर यायला बाई मिळेना. १९१७ च्या लंकादहनमध्ये तर राम पण साळुंके आणि सीता पण साळुंके. हे मजबुरीतून आलं हे मान्य, पण प्रेक्षकांनी हात जोडलेच ना? आणि फाळक्यांचा १९१३ चाच दुसरा पिक्चर कोणता तर मोहिनी भस्मासूर, ज्यात कमलाबाई मोहिनी झाल्या. आता विष्णूपेक्षा जुना आणि मोठा हिरो कोण आणणार तुम्ही? तो बाई झाला. का झाला? कारण भस्मासुराला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावायचं होतं आणि ते गदेने होणारं काम नव्हतं, त्याला नाचवावं लागणार होतं. अडलं म्हणून बदलला, काम झालं, परत विष्णू. बृहन्नडेचं पण तेच, अज्ञातवास लपूनछपून काढायचाय म्हणून अर्जुन नाच शिकवतो. आपल्या गोष्टी सांगणाऱ्यांना हे फार आधीपासून कळत होतं.

आणि हिंदीत या प्रकाराचा माझ्या मते सगळ्यात भारी नमुना कोणता माहितीये का, सीता और गीता. १९६७ ला दिलीपकुमारचा राम और श्याम आला, एक भाऊ घाबरट, एक बिनधास्त, अदलाबदली होते, प्राणच्या हातात चाबूक. १९७२ ला रमेश सिप्पीने सलीम-जावेदना घेऊन तोच ढाचा उचलला आणि हेमा मालिनीला डबल रोल दिला. लोक म्हणतात कॉपी आहे. असेल, पण नीट बघा काय होतं ते. राम मार खातो तेव्हा कुठेतरी वाटतं की अरे पुरुषासारखा पुरुष तू, घर तुझं, पैसा तुझा, हा एवढा का घाबरतो? त्याचा भित्रेपणा गोष्टीपुरता खरा. सीता मार खाते तेव्हा असला प्रश्नच पडत नाही. आईबापांचा पैसा काकाकाकू खातायत आणि पोरगी त्याच घरात मोलकरणीसारखी राबतेय, कोणाला सांगणार, कुठे जाणार. असं एखादं घर प्रत्येकीने बघितलेलं असतं. त्यामुळे गीता जेव्हा त्या घरात घुसून पट्टा हातात घेते तेव्हा नुसती फाइट नसते ती. आमच्या चरईच्या घरी हा पिक्चर टीव्हीवर लागला की आई तो सीन येईपर्यंत किचनमधून बरोबर बाहेर येते, गॅस बंद करून येते, हातात पोळीचं पीठ तसंच, आणि मनोरमाचे डोळे भीतीने मोठे झाले की म्हणते "घे आता". दरवेळी. प्राणला मार पडताना ती कधी आलेली नाही. फिल्मफेअर हेमा मालिनीला मिळालं, आणि पुढे १९८९ ला त्याच ढाच्यावर चालबाज करून श्रीदेवीला पण मिळालं.

आणि आता आपण कुठे आलोय तर सिंघम अगेनमध्ये. २०२४ च्या दिवाळीत दीपिकाला शक्ती शेट्टी म्हणून आणलं, लेडी सिंघम. एन्ट्री झकास, युनिफॉर्म झकास, स्लो मोशन तर विचारू नका, पण तिची स्वतःची गोष्ट शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. त्यापेक्षा मर्दानीची शिवानी शिवाजी रॉय बघा, २०१४ पासून आहे, कोणाची लेडी व्हर्जन नाही, तिची केस तिची, तिचा राग तिचा.

हे लेडी व्हर्जन प्रकरण किती डोक्यात जातं ते माझ्या आतेबहिणीला विचारा. ती इथे ठाण्यातच एका महिला गोविंदा पथकात आहे, खालून दुसऱ्या थराला असते. गुरुपौर्णिमेपासून सराव, नोकरी करून रात्री नऊला मैदानात, खांद्यावर काळेनिळे डाग. ठाण्याच्या हंड्या म्हणजे तुम्हाला माहितीये, लाखांची बक्षिसं, क्रेन, डीजे, सेलिब्रिटी. एका ठिकाणी यांनी पाच थर लावून सलामी दिली, सुरेख लागले थर, वरची पोरगी एकदम ताठ उभी राहिली, आणि माइकवाला काय म्हणतो, "बघा, महिला असूनही!" वर दुपारची वेळ दिलेली, मोठी पथकं यायच्या आधीची, तेव्हा स्टेजवर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. ती घरी येऊन इतकी तणतणत होती. म्हणाली ताई, आम्ही काय मधल्या वेळेतला आयटम आहोत का? आता गोविंदा म्हणजे कृष्ण आणि त्याचे सवंगडी, बघायला गेलं तर मुळात पुरुषांचंच काम, पण तिथे थर लावणाऱ्या मुलीला कृष्ण मुलगी कशी असा प्रश्न कोणी विचारत नाही. अडचण वेगळीच आहे. तिला जागा देतात पण फिलर म्हणून देतात, आणि वर आपण किती पुढारलेले म्हणून टाळ्या पण घेतात. नोमीला दिलेला नंबर आणि हिला दिलेली दुपारची वेळ, मला तरी यात फार फरक दिसत नाही.

मला कोणी पैसे दिले (देणार नाही) तर मी फास्टर फेणेला मुलगी करेन. घाबरू नका, ऐका आधी. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, काडीपैलवान, सायकल घेऊन कुठेही पोचणारा, २०१७ ला अमेय वाघने केलाच होता पिक्चर. आता त्याच्या जागी एक पोरगी ठेवा, तेवढीच किडकिडीत, तेवढीच भोचक. पहिल्या पाच मिनिटांत सगळी गोष्ट बदलते. कारण बन्याला कोणी विचारत नाही संध्याकाळी सातनंतर सायकल घेऊन कुठे निघालास. तिला आई विचारणार, आजी विचारणार, शेजारच्या काकू गॅलरीतून विचारणार, आणि चोराचा माग काढायच्या आधी या पोरीला घरातून बाहेर पडायचाच प्लॅन करायला लागणार. खोटं बोलावं लागणार, मैत्रिणीला सामील करून घ्यावं लागणार, आणि ती एकदा का सुटली की मग चोर काय चीज आहे हो, तिने त्याच्यापेक्षा अवघड माणसांना आधीच गुंगारा दिलेला असेल. शिवाय कोणाला संशय येणार नाही तिचा, रस्त्याच्या कडेला चेन बसवत बसलेली पोरगी कोण बघतं.

ही आयडिया मी महिला बाँडच्या बाजूने तावातावाने भांडणाऱ्या माझ्या मित्राला सांगितली तर तो एकदम गंभीर झाला, म्हणाला फाफेला हात लावायचा नाही. म्हटलं वा रे वा, इंग्रजांचा हिरो तेवढा वाटून टाकायचा आणि आपला आला की लॉकरमध्ये! त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण मतही बदललं नाही.

माझ्या पिक्चरमध्ये फाफेचं ते नेहमीचं "ट्टॉक" मात्र तसंच राहणार, आणि सायकल पण. हल्ली इलेक्ट्रिक स्कूटर द्या म्हणणारा कोणीतरी प्रोड्यूसर येईलच, त्याला मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळी साडेसहाला उभा करेन आणि सगळ्यात आधी कोण पोचतं ते बघ म्हणेन.