तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीवर जाताना रस्ता कशावर बघायचा?

"ताई, एवढ्या लांब गाडीवर जाता, मग रस्ता कशावर बघता?" पेट्रोल पंपावर, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या काउंटरपलीकडून हा प्रश्न मला सारखा येतो. पाठोपाठ दुसरा येतो, की वेगळं जीपीएस घ्यावं का? मी कोल्हापूरची. बँकेत नोकरी करते आणि गेली बारा वर्षं सुट्ट्या आणि साठवलेल्या रजा मोटारसायकलवर घालवते. उभ्याउभ्या उत्तर देताना मी एका ॲपचं नाव सांगते आणि नंतर मला चुटपुट लागते, कारण ते अर्धंही उत्तर नसतं. म्हणून आज सविस्तर सांगते.

रस्ता ठरवणं हे एक काम आणि ठरवलेल्या रस्त्यावर राहणं हे दुसरं. पहिलं मी घरी करते, रात्री जेवणं आवरल्यावर, कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर. दुसरं फोन करतो, हँडलवर बसून. बहुतेक मंडळी ही दोन्ही कामं सकाळी सहाला, गाडी सुरू करता करता फोनवर टाकतात. फोनला एवढंच कळतं की यांना गुहागरला लवकरात लवकर पोचायचंय. तुम्हाला जयगडची खाडी बघायचीय, आंबा घाटात चहा प्यायचाय, हे त्याला कोण सांगणार?

गुगल मॅप्सपासून सुरुवात करू, कारण तो सगळ्यांकडे आहे. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय आणला. तो चालू आहे ना, एवढं आधी बघा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, सगळीकडे दुचाकीला बंदी आहे. मोटारीचा पर्याय चालू राहिला तर फोन तुम्हाला सरळ त्यांच्या तोंडाशी नेऊन उभा करतो. मग तिथून उलटं वळायचं, तेही भरधाव ट्रकांच्या मधून. आणखी एक गोष्ट मी अनुभवाने शिकले. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून (डाउनलोड करून) ठेवला आणि वाटेत रेंज गेली, तर माझ्या फोनवर नवा रस्ता मोटारीचाच निघतो, दुचाकीचा निघत नाही. नेमकी जिथे गरज असते तिथेच हे होतं. शहरातली गर्दी, पुढचा पंप, गावातलं लॉज, यासाठी मात्र मला अजून याच्यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही.

त्याच्या जोडीला मी ओस्मँड नावाचं ॲप ठेवते. हे ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालतं. तो नकाशा जगभरातल्या लोकांनी स्वतः काढलेला आहे, २००४ पासून. अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेता येतो आणि मग रेंज असो नसो, फरक पडत नाही. दिसायला किचकट आहे, पहिले दोन रविवार डोकं दुखेल. तेवढं सोसायचं नसेल तर ऑरगॅनिक मॅप्स घ्या. नकाशा तोच, बटणं थोडी.

आता ज्यावर मला मनापासून बोलायचंय ते. फाइल.

तीन वर्षांपूर्वी आम्ही सहा जण कोकण किनाऱ्याने निघालो होतो. आंबा घाट उतरून गणपतीपुळे, मग जयगडहून फेरीबोटीने तवसाळ, गुहागर, पुढे धोपाव्याहून दाभोळ आणि मुक्काम दापोलीला. रस्ता मी आखला होता आणि त्याची जीपीएक्स फाइल, म्हणजे एका ॲपमधून दुसऱ्यात नेता येणारी रस्त्याची नोंद, सगळ्यांना पाठवली होती. मालगुंडला आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाचं चाक पंक्चर झालं. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे ताई, फाइल आहे माझ्याकडे." आम्ही खाडी ओलांडून तवसाळच्या धक्क्यावर त्याची वाट बघत बसलो. एक बोट आली, दुसरी आली. तिसऱ्या बोटीतून दोन मोटारी, एक टेम्पो आणि मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका उतरल्या, तो नाही. शेवटी त्याचा फोन आला तो संगमेश्वरहून. त्याच्या ॲपने माझी फाइल घेतली आणि रस्ता स्वतःच्या हिशेबाने पुन्हा काढला. 'फेरी टाळा' हा पर्याय कधीतरी चालू राहिला होता, त्यामुळे निवळीवरून महामार्ग धरून चिपळूणमार्गे गुहागर असा सगळा वळसा त्याला घातला. तो अंधार पडल्यावर गुहागरला पोचला. दापोलीचं बुकिंग गेलं. पोरगं एवढं कानकोंडं झालं होतं की जेवलं नाही नीट. चूक त्याची नव्हतीच. मी त्याला चुकीच्या प्रकारची फाइल दिली होती.

जीपीएक्समध्ये रस्ता दोन प्रकारे ठेवता येतो, रूट आणि ट्रॅक. रूटमध्ये फक्त ठिकाणं असतात, इथून तिथे. मधला रस्ता प्रत्येक यंत्र आपल्या नकाशावरून, आपल्या आवडीनिवडीने काढतं. ट्रॅक म्हणजे जमिनीवर आखलेली रेघ, शेकडो-हजारो बिंदूंची. ती बदलत नाही. गटाने जाताना मी आता ट्रॅकच पाठवते, आणि ओस्मँडवर ती रेघ नुसती पडद्यावर ठेवते. रेघेवर आहोत तोवर ठीक, रेघ सुटली की वळायचं. गुगल मॅप्सची लिंक पाठवली तरी तेच होतं. समोरच्याचा फोन त्या क्षणी त्याला जो रस्ता चांगला वाटेल तो काढतो, तुम्ही काल रात्री बघितलेला नाही.

आखताना मधले थांबे कुठे टाकता यालाही महत्त्व आहे. गावाच्या नावावर बोट ठेवलं तर खूण बाजारपेठेत पडते आणि फोन तुम्हाला आठवडी बाजारात घुसवतो. फाट्यावरही खूण ठेवू नका. फाटा वळून गेल्यावर एक-दोन किलोमीटर पुढे, आपल्याच बाजूच्या लेनवर ठेवा. महामार्गाच्या पलीकडच्या बाजूला पडली तर तो उलटं वळायला सांगत बसतो. गुगल मॅप्समध्ये एका प्रवासात मोजकीच ठिकाणं मावतात, त्यामुळे दिवसाचे दोन भाग करते, जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा.

वळणावळणाचे रस्ते शोधून देणारी साधनंही आहेत. कुर्विगर हे जर्मन लोकांनी केलेलं, सुंदर चालतं. युरोपात राहणारे आपले मराठी लोक त्याचं कौतुक करतात ते खरंच आहे. पण सह्याद्रीत वळणं शोधावी लागत नाहीत. आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, फोंडा, आंबोली, कुठूनही उतरा, वळणांनी हात भरून येतील. आपल्याला कळायला हवं ते डांबराचं. त्यासाठी मी संशयाचा प्रत्येक तुकडा उपग्रहाच्या चित्रात मोठा करून बघते. काळी रेघ म्हणजे डांबर, तांबडी म्हणजे माती, आणि काळी-तांबडी आलटून पालटून असेल तर रस्त्याचं काम अर्ध्यावर. चित्र बहुधा उन्हाळ्यातलं असतं, हेही लक्षात ठेवायचं.

वेळ मी नेहमी वाढवून धरते. घाटात आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर ताशी तीसच्या वर सरासरी पडत नाही माझी. फोन पाच तास म्हणाला की मी साडेसहा-सात लिहिते आणि सूर्य मावळायच्या आत मुक्कामी असेन असंच बेतते. बाई म्हणून नव्हे, कोणीही असंच करावं. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळजवळ नकाशावरच्या वाटेने निघालेली एक मोटार रात्री धरणाच्या पाण्यात गेली आणि एक जण बुडाला. पाणी वाढलं की तिथला पूल बुडतो. गावातल्या पोराटोरांनाही हे माहीत असतं, नकाशाला नसतं.

म्हणून पावसाळ्यात माझं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे एसटी स्टँड. गगनबावड्याला पोचले की चहाच्या टपरीवर विचारते. कसं विचारायचं हे मात्र ठरलेलं आहे. "हा रस्ता जातो का?" असं विचारलं तर माणसं भलेपणाने "जातो की!" म्हणतात. मी विचारते, "आज सकाळी खालून एसटी आली का?" एकदा जुलैत भुईबावडा घाटाच्या तोंडाशी फोनवर निळी रेघ स्वच्छ दिसत होती. टपरीवाले मामा कप विसळता विसळता म्हणाले, "कालपासून नाही आली. दरड हाय." आम्ही तिथूनच गाड्या वळवल्या.

आता यंत्रांकडे येते. वेगळं जीपीएस, गार्मिनच्या झुमोसारखं, चांगलंच असतं. ते भिजतं पण बंद पडत नाही, हातमोज्यांनी चालतं, उन्हात दिसतं. वर्षातले दोन-तीन महिने परदेशात गाडी चालवणार असाल तर जरूर घ्या. कोकण, गोवा, कर्नाटक करणाऱ्याने तेवढे पैसे टायर आणि पावसाळी कपड्यांत घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. रॉयल एनफिल्डच्या काही गाड्यांवर २०२० पासून ट्रिपर नावाची गोल तबकडी येते. तिच्यावर फक्त पुढचं वळण आणि अंतर दिसतं. महामार्गावर ती मला आवडते, कारण नजर रस्त्यावरच राहते. घाटात मात्र वळणामागचं वळण दिसायला नकाशाच लागतो.

उरलेल्यांनी एक करा. घरात पडलेला जुना फोन हँडलला लावा आणि रोजचा फोन खिशात ठेवा. एकसारखी थरथर फोनच्या कॅमेऱ्याला बाधते. ॲपलने २०२१ मध्ये मोटारसायकलच्या इंजिनाबद्दल तसा इशाराच दिला होता. थरथर शोषणारा रबरी जोड मिळतो, तो घ्या. चार्जिंगची वायर बॅटरीपासून फ्यूज घालूनच ओढून घ्या. एप्रिलच्या दुपारी फोन तापून पडदा मंद होतो, आणि पावसाचे थेंब पडद्यावर बोटांसारखेच टिचकतात आणि नकाशा भलतीकडे सरकतो. त्या वेळी हेल्मेटमधल्या स्पीकरवरून रस्ता सांगणारा आवाज कामाला येतो. आवाज मराठी लावा. इंग्रजी आवाजात आपल्या गावांची नावं ऐकून फाटा ओळखू येत नाही. चालवताना पडद्याला हात लावू नका. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमातही तेच आहे, की फोन फक्त रस्ता बघायला आणि लक्ष ढळणार नाही असाच वापरायचा.

लडाखला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि तेही मोठ्या गावांपुरतं धरून चाला. सगळे नकाशे मनालीतच उतरवून घ्या. तांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी प्रसिद्ध आहे. तिकडे रस्ता आखण्यापेक्षा पेट्रोल आखावं लागतं. आणि परदेशातला भाऊ उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणून देतो म्हणाला, तर नको सांगा. परवान्याशिवाय ते भारतात बाळगणं गुन्हा आहे. परदेशी पाहुण्यांनाही विमानतळावर त्यासाठी पकडलेलं आहे.

एवढं सगळं असूनही माझ्या टाकीवरच्या पिशवीत, प्लास्टिकच्या खिशात एक चिठ्ठी असते. त्या कोकणच्या प्रवासाची अजून जपून ठेवलीय. शाळेच्या वहीचं पान, जाड मार्करने लिहिलेलं: साखरपा, पाली, निवळी डावीकडे, पुळे, जयगड धक्का, बोट, तवसाळ, गुहागर, धोपावे, बोट, दाभोळ. एका कोपऱ्यात शाई फुटून निळा डाग पडलाय, बोटीवर खारं पाणी उडालं तेव्हाचा. फोन तापला, भिजला, बॅटरी गेली, तरी पुढच्या गावाचं नाव माहीत असलं की विचारत जाता येतं.

आणि परत आल्यावर अर्धा तास काढून मी ओपनस्ट्रीटमॅपवर दुरुस्त्या करते. कुठे डांबर संपलं, कुठला पंप बंद झाला, धक्का नेमका कुठे आहे. कोणालाही करता येतं, पैसे पडत नाहीत. त्या मुलाने पुढच्याच आठवड्यात बसून तवसाळची खूण नीट जागेवर नेऊन ठेवली, तेव्हा मला फार बरं वाटलं. तुम्हीही त्या बाजूने जाणार असाल तर रेघ पाठवते मी, ट्रॅकच पाठवते. शेवटची बोट किती वाजता सुटते ते मात्र आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करून विचारा. ते कुठल्याच फाइलमध्ये नसतं.